प्रसूती एक, बाळे दोन

(तालुक्याच्या ठिकाणी पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्यसेविका यांच्यासमोर केलेले भाषण)



जुळी मुले जन्मली की गावाला त्यांचे मोठे कौतुक वाटते. बारशाला दोन पाळणे बांधले जातात, जोडीची नावे शोधली जातात. पाहुणे परतल्यावर घरात उरते ती दुहेरी जबाबदारी, आणि ती पेलणारी माता बहुधा अशक्त असते. अशा कुटुंबाला आरोग्यसेवेने कोणता आधार द्यावा आणि त्यात आपणा सर्वांचा वाटा कोणता, याविषयी मी आज थोडे बोलणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. जुळे केळे खाल्ल्याने जुळी मुले होतात, ही समजूत निराधार आहे. एकच फलित बीज दुभंगले तर एकसारखी दिसणारी जुळी होतात. दोन स्वतंत्र बीजे फलित झाली तर दोन वेगळी भावंडे एकाच वेळी वाढतात. यात मातेचा दोष नाही आणि कोणाचा पराक्रमही नाही.

मातेला खरा आधार गरोदरपणातच मिळाला पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली, तर गर्भ दोन आहेत हे कळतेच, शिवाय दोघांची वार एक आहे की स्वतंत्र, हेही समजते. वार एकच असल्यास एका बाळाकडे रक्त अधिक आणि दुसऱ्याकडे कमी जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा मातेची तपासणी वारंवार व्हावी लागते. जुळ्यांच्या मातेत रक्तक्षय व रक्तदाब यांचे प्रमाण अधिक आढळते. लोहाच्या गोळ्या नुसत्या हाती देऊन काम संपत नाही. त्या पोटात गेल्या की नाही, हे आरोग्यसेविकेने पाहावयाचे असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले. त्यानुसार दरमहा ९ तारखेला होणाऱ्या तपासणीस ही माता चुकता कामा नये.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे भरण्यापूर्वीच जन्मतात. दुसरे बाळ आडवे असू शकते; प्रसूतीनंतर रक्तस्रावही अधिक होऊ शकतो. यास्तव शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच ही प्रसूती व्हावी. रुग्णालय कोणते, वाहन कोणते, सोबत कोण जाणार, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावे. १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ऊब आणि दूध ही दोन औषधे प्रथम लागतात. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे उबदार पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू पद्धती म्हणून ती आज जगभर मान्य झाली आहे. जुळ्यांच्या घरी एक बाळ आईने आणि दुसरे वडिलांनी अथवा आजीने छातीशी धरावे. यात पुरुषांनी संकोच मानण्याचे कारण नाही.

घरी येऊन केलेल्या शुश्रूषेचे मोल आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बाळाच्या देखभालीचे शिक्षण दिले. त्या प्रयोगाचे यश १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती त्याच धर्तीवर गृहभेटी देऊ लागल्या. दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट ठरलेली आहे.

येथे माझा मुख्य आग्रह आहे. भेट एकाच घरी असली, तरी तपासणी दोन बाळांची व्हावी. वजन दोघांचे वेगळे, कार्ड वेगळे, लशींची नोंद वेगळी. ‘दोघेही ठीक’ या दोन शब्दांत पुष्कळदा दुबळे बाळ झाकले जाते. जो मोठ्याने रडतो त्याला दूध मिळते. जो गप्प पडून राहतो तो शहाणा ठरतो. परंतु अंग गार लागणे, दूध न ओढणे, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, ही धोक्याची चिन्हे त्या गप्प बाळातच असू शकतात. मुलगा व मुलगी अशी जोडी असेल, तर मुलीच्या वजनाकडे विशेष लक्ष द्या, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

दोघांना आईचे दूध पुरत नाही, असा सल्ला शेजारीपाजारी सहज देतात. वास्तविक बाळे जितकी ओढतात तितके दूध अधिक येते. ओढण्याची शक्ती नसलेल्या बाळाला काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे. बाटली घरात आणू नये. मात्र दूध देणाऱ्या मातेच्या ताटात पुरेसे अन्न आणि तिच्या डोळ्यांना झोप हवी. ती सतत रडत असेल, बाळांकडे पाहावेसे तिला वाटत नसेल, तर तो आळस वा नाटक नव्हे. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

पंचायत सदस्यांसाठी एक मुद्दा. दोन अपत्यांची अट लागू झाली, तेव्हा ग्रामपंचायत अधिनियमात एक स्पष्टीकरणही घालण्यात आले: आधी एकच मूल असलेल्या दाम्पत्यास पुढील एका प्रसूतीत कितीही मुले झाली, तरी ती एकच अपत्य धरावीत. कायद्याने अटीपुरते त्यांना एक मानले. आरोग्याच्या नोंदवहीत आणि गावाच्या मनात मात्र ती दोनच राहिली पाहिजेत. महिला व बालकल्याणाच्या निधीतून एखादा चांगला वजनकाटा घेणे, रुग्णालयात खेपा घालणाऱ्या बापाच्या वाहनखर्चाची सोय पाहणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. शिक्षकांनीही पुढे शाळेत ‘ते जुळे’ असे न म्हणता दोघांना स्वतंत्र नावाने हाक मारावी आणि परस्परांशी तुलना टाळावी.

दोन बाळांपैकी एकही मागे राहू नये, एवढीच आपणा सर्वांकडून अपेक्षा.