शिवलेली शीर



साहित्य आणि राजकारण यांनी गाजलेल्या या मांडवात आम्ही कुत्र्याच्या पायाचा विषय आणला म्हणून कोणी हसले, तरी आमची हरकत नाही. ज्यांच्या दारात असा प्राणी तीन पायांवर उभा आहे, ते हसणार नाहीत.

कुत्रा जन्मभर चवड्यांवर चालतो. मागच्या पायात आपल्याला जो उलटा गुडघा दिसतो, ती वस्तुतः त्याची टाच होय. ही टाच उचलून धरणारी जाड शीर पोटरीतून खाली येते. वैद्यक तिला कंडरा म्हणते. उकिरड्यावरच्या पत्र्याने वा फुटक्या काचेने ती पुरती तुटली, की टाच खाली बसते आणि कुत्रा अस्वलासारखे सपाट पाऊल टाकू लागतो. शल्यवैद्य तिची टोके शिवतो. त्याचे काम एका बैठकीत संपते. घरच्यांचे महिनोगणती चालते.

कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून ती सावकाश सांधते. 6 आठवड्यांनी तिच्यात मूळच्या निम्म्याहून थोडेच अधिक बळ येते. वर्ष उलटले तरी ते सुमारे 80 टक्केच असते. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी ओसरते. सारा घोटाळा येथेच आहे. कुत्रा शेपटी हलवीत दाराकडे झेपावतो, मुले टाळ्या पिटतात, आणि आत शिवण उसवते. शीर अर्धीच सांधली आहे, हे त्या मुक्या जिवाला कोण सांगणार?

पहिले 6 ते 8 आठवडे टाच उचललेली राहील अशा बेताने पाय बांधलेला असतो. ते बंधन रोज पाहावे, हुंगावेसुद्धा. ते ओले झाले, वास आला, बोटे सुजली वा गार पडली, तर उद्यावर ढकलू नये. जिना बंद, गुळगुळीत फरशीवर गोणपाट, आणि बाहेर जाणे देहधर्मापुरते, तेही साखळीने. खाणेही बेताचेच, लाडाने चढलेले वजन त्याच शिरेवर पडते. घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी तर मुळीच देऊ नये. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखे आहे.

पण पाय कायमचा जखडून ठेवणेही घातक. नवे तंतू प्रथम पिंजलेल्या काथ्यासारखे आडवेतिडवे असतात. बेताबेताने ओढ मिळाली, म्हणजेच ते दोरातल्यासारखे एका दिशेने बसतात. म्हणून वैद्य बंधन पायरीपायरीने हलके करतो. मग सपाट जमिनीवर 5 मिनिटे, सावकाश. पुढे आठवड्याआठवड्याने थोडी वाढ. काही दवाखान्यांत पाण्यात चालविण्याची यंत्रे आहेत. पाणी अंगाचा भार तोलते. ती नसली तरी साखळी आणि सबुरी यांवर पुष्कळ काम भागते. टाचेचा सांधा मात्र वैद्याने सांगितल्यावाचून वाकवू नये.

बंधन सुटल्यावर आठवड्यातून एकदा कुत्र्याला सपाट जागी उभे करून आपण मागे बसावे आणि दोन्ही टाचांची उंची ताडून पाहावी. शिवलेल्या पायाची टाच गेल्या आठवड्यापेक्षा खाली आलेली दिसली, तर फिरणे थांबवून त्याच दिवशी त्याला उचलून वैद्याकडे न्यावे.