सोळा आठवड्यांचा हिशेब

(छात्रसेवाकालात छात्राध्यापकांना मार्गदर्शन करणाऱ्या शाळाशिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षक कोठे घडतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार काळ सोयीने दिले गेले. तो अध्यापक महाविद्यालयात घडतो असे मानले गेले, आणि शाळा ही त्याने आपली तयारी करून दाखवण्याची जागा ठरली. ठरलेल्या दिवशी छात्राध्यापक गुंडाळलेले तक्ते काखेत घेऊन शाळेत येत. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन आणि गृहपाठ या क्रमाने एका तासिकेचा पाठ घेत. शेवटच्या बाकावर बसलेले निरीक्षक वहीत ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘आवाजात चढउतार हवेत’ असे शेरे लिहीत. वर्गातील मुलांनाही या नाटकातील आपली भूमिका पाठ असे. पाठ संपला की तक्ते गुंडाळले जात आणि दुसऱ्या दिवशी वर्गाचे शिक्षक तोच धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवीत.

या व्यवस्थेतील दोष कोणाच्या लक्षात आला नाही असे नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या एकाकीपणावर नेमके बोट ठेवले होते. प्रशिक्षण संस्था एका बाजूने विद्यापीठांपासून आणि दुसऱ्या बाजूने शाळांच्या रोजच्या जीवनापासून तुटल्या आहेत, हे आयोगाचे निदान होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे गारगोटीच्या ग्रामीण शिक्षणाच्या प्रयोगातून गेलेले; शाळेपासून तुटलेले शास्त्र किती पोकळ असते, याची त्यांना प्रत्यक्ष जाण होती. पुढे जवळजवळ अर्धशतकाने, २०१२ साली, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाला पुन्हा याच दुखण्याकडे वळावे लागले. शिक्षक घडवणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के संस्था तोपर्यंत बिगर-सरकारी क्षेत्रात गेल्या होत्या. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी. एड.चा अभ्यासक्रम एका वर्षावरून दोन वर्षांचा केला आणि त्यात २० आठवडे शाळेतील अनुभवासाठी राखले: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी सलग १६. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या पाठापासून सोळा आठवड्यांच्या सहवासापर्यंतचा हा प्रवास कागदावर तरी फार मोठा आहे.

परंतु काळ वाढवला म्हणजे शिक्षण वाढले असे होत नाही. त्या सोळा आठवड्यांत छात्राध्यापकाजवळ कोण असते आणि त्या माणसाजवळ किती वेळ असतो, यावर सारे अवलंबून आहे. नियमावलीने आठवडे मोजले; मार्गदर्शकाचे तास मात्र कोणी मोजले नाहीत.

शाळांमध्ये प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. छात्राध्यापक शाळेत दाखल होतात त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता दिसते, ती पुष्कळदा शैक्षणिक नसते. गणिताची जागा दोन वर्षे रिकामी असते, विज्ञानाचे शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेलेले असतात, एक बाई प्रसूतिरजेवर असतात. चार तरुण मुलेमुली आयतीच मिळाली, तेव्हा ऑफ तासिकांचा प्रश्न सुटला. पहिल्या आठवड्यातच छात्राध्यापकाच्या हाती खडू देऊन त्याला साठ मुलांपुढे उभे केले जाते, आणि ज्यांनी त्याच्याबरोबर वर्गात असायचे ते शिक्षक दुसऱ्या वर्गावर गेलेले असतात. यात मुख्याध्यापकांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. शिक्षणहक्क कायद्याच्या २६ व्या कलमाने शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावीत असे बंधन नेमणूक करणाऱ्यांवर घातले आहे. ते न पाळणारी व्यवस्था आपली तूट शाळेवर ढकलते आणि शाळा ती छात्राध्यापकावर ढकलते. अखेरीस तिची किंमत मोजतात वर्गातील मुले. त्यांना कोणी विचारलेले नसते.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा विचार उपयोगी पडेल. कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जाणाऱ्या तरुणाला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतनाचा हक्क दिला आहे. वैद्यकीय पदवीधराला रुग्णालयातील आंतरवासितेच्या काळात विद्यावेतन मिळते. छात्राध्यापकाचा मामला मात्र उलटा आहे. तो शाळेत राबतो त्या महिन्यांतही महाविद्यालयाचे शुल्क भरत असतो आणि एस. टी.च्या पासाचे पैसेही त्याच्याच खिशातून जातात. ज्याला हा भार पेलत नाही तो कोठेतरी नोकरी धरतो. हजेरी मात्र लागलेली असते. काही महाविद्यालयांचे विद्यार्थी केवळ परीक्षेपुरते उगवतात, ही गोष्ट आता कुजबुजीची राहिलेली नाही. अशा छात्राध्यापकाला केवळ आळशी म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याला गैरहजर राहण्याची सवलत विकणाराही कोणीतरी असतो.

मार्गदर्शकाचा हिशेबही असाच आहे. एका तरुणाला नीट घडवण्यासाठी अनुभवी शिक्षकाने आपला वेळ दिला, तर त्याचे फळ कोणाला मिळते? तो तरुण पुढे दुसऱ्याच जिल्ह्यातील, दुसऱ्याच संस्थेच्या शाळेत जातो. लाभ समाजाला होतो, झीज एका शाळेला आणि एका शिक्षकाला सोसावी लागते. जेथे खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, तेथे बाजार पुरेसा पुरवठा कधीच करीत नाही. तो खर्च सार्वजनिक तिजोरीनेच उचलावा लागतो. मार्गदर्शनाला ‘सेवाभाव’ म्हणून गौरवणे आणि वेळापत्रकात त्याला एकही तासिका न देणे, यासारखी स्वस्त कृतज्ञता दुसरी नाही.

आता मार्गदर्शन म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहू. तिसरीच्या वर्गात ५२ वजा ३७ हे गणित फळ्यावर आहे. एका मुलाने उत्तर लिहिले २५. छात्राध्यापक त्यावर फुली मारतो, हातच्याची वजाबाकी पुन्हा समजावतो आणि पुढे जातो. मूल पुढच्या गणितात तीच चूक पुन्हा करते. पाठ टाचणात ‘बहुतेक विद्यार्थ्यांना समजले’ अशी नोंद होते.

तास संपल्यावर मार्गदर्शकाने एवढेच विचारावे: त्या मुलाने २५ कसे आणले असतील? छात्राध्यापक प्रथम म्हणेल, त्याचे लक्ष नव्हते. मग दोघांनी त्या मुलाची वही उघडावी. एकम स्थानी वर २ आणि खाली ७ आहेत. मुलाने ७ मधून २ वजा केले, ५ आले. दशकात ५ मधून ३ गेले, २ राहिले. मुलाचे लक्ष होते. त्याने एक नियम काटेकोरपणे पाळला होता: लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही. आणि हा नियम त्याला कोणी शिकवला? पहिली-दुसरीत शिक्षकांनीच. तेथे सोयीचे म्हणून सांगितलेले वाक्य येथे त्या मुलाच्या वाटेत आडवे आले. हे उमजल्यावर छात्राध्यापकाला उपायही दिसू लागतो: काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात, पाचांपैकी एक गठ्ठा त्यालाच सोडू द्यावा आणि बारा सुट्या काड्यांतून सात काढू द्याव्यात.

या पंधरा मिनिटांत जे घडले ते कोणत्याही व्याख्यानात घडत नाही. चूक म्हणजे अज्ञान, ही समजूत गळून पडली आणि चुकीमागे विचार असतो ही दृष्टी आली. शिक्षक येथे घडतो. परंतु ही पंधरा मिनिटे वेळापत्रकात कोठेही लिहिलेली नसतात. घंटा होते, मार्गदर्शक पुढच्या वर्गाकडे धावतात, छात्राध्यापक वहीवर सही मिळवण्यासाठी त्यांच्या मागे धावतो, आणि पायऱ्यांवर उभ्याउभ्या सही होते. सही राहते, संभाषण राहून जाते.

या संभाषणाच्या आड येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गुण. ज्याच्या हाती अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत, त्याच्यापुढे कोणता छात्राध्यापक ‘आज वर्ग माझ्या हातून सुटला’ असे मोकळेपणाने म्हणेल? तो यशस्वी झालेले पाठच दाखवील. म्हणून घडवणारा आणि गुण देणारा या भूमिका शक्य तितक्या वेगळ्या असाव्यात. मार्गदर्शकानेही स्वतःचा फसलेला तास छात्राध्यापकाला पाहू द्यावा आणि तो का फसला याची चर्चा त्याच्याबरोबर करावी. आदर्श पाठ पाहून नवख्याला न्यूनगंड येतो. अनुभवी माणूस फसलेला तास कसा सावरतो हे पाहून त्याला धीर येतो.

क्षेत्रानुभव म्हणजे केवळ चार भिंतींतील वर्गही नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत असे म्हटले. त्याबरोबरच ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला लाजणारे नसावेत, असा आग्रह धरला. त्यामागचा आशय असा की, मूल ज्या घरातून येते ते घर शिक्षकाला परके असेल तर मूलही परकेच राहते. आज बहुसंख्य छात्राध्यापक महाविद्यालयाच्या आसपासच्या शहरी माध्यमिक शाळांत पाठवले जातात. वाडीवरची द्विशिक्षकी शाळा त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेत तो दिवाळीपूर्वी गेला आणि संक्रांतीपर्यंत राहिला, तर हजेरीपट त्याला वेगळेच अर्थशास्त्र शिकवील. पटावर नावे तशीच असतात, बाक मात्र रिकामे होतात. कारण साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो आणि मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात. ‘अनियमित विद्यार्थी’ हा शेरा लिहिण्यापूर्वी त्या शब्दामागे काय उभे आहे हे ज्याने एकदा पाहिले, तो तो शेरा पुन्हा तितक्या सहजपणे लिहिणार नाही.

तेव्हा मागण्या काय असाव्यात? त्या मोठ्या नाहीत. मार्गदर्शक शिक्षकाला छात्रसेवाकालात आठवड्याच्या काही तासिका मोकळ्या मिळाव्यात आणि त्या कामाचा भाग म्हणून वेळापत्रकात लिहिल्या जाव्यात. एका मार्गदर्शकाकडे दोनांहून अधिक छात्राध्यापक नसावेत. छात्राध्यापकाला विद्यावेतन मिळावे. निदान प्रवासखर्च आणि त्या काळातील शुल्कमाफी तरी मिळावी. रिक्त पदावर त्याला एकट्याने उभे करण्यास स्पष्ट मनाई असावी. आणि दुर्गम भागातील शाळेत काही आठवडे काढणे सर्वांना बंधनकारक करून तेथे राहण्याची सोय शासनाने करावी.

या मागण्या शिक्षक संघटनांनी आपल्या यादीत घेतल्या पाहिजेत. वेतनश्रेणी, पेन्शन आणि बदल्या यांवर संघटना लढल्या, आणि ते योग्यच होते. परंतु आपल्या मागून येणाऱ्या माणसाला घडवण्याचा वेळ हाही श्रमिकाचा हक्क आहे. विणकराने, सुताराने, गवंड्याने आपला हातगुण शेजारी बसवूनच पुढच्या पिढीला दिला. शिक्षकाला मात्र शेजारी बसायलाच वेळ नाही. आणि त्याच वेळी तिसरीच्या वर्गातील ते मूल आपल्या वहीत आणखी एकदा २५ लिहीत आहे.