मांजराला औषध पाजताना

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंडपात दरवर्षी कोणी संतवाङ्मयावर बोलते, कोणी मधुमेहावर. यंदा आमच्या घरावर पाळी आली. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "मांजराला पातळ औषध कसे पाजावे." ते हसले आणि म्हणाले, "यावर बोलण्यासारखे काय आहे?" आम्ही म्हटले, हे शिकायला आम्हाला दोन मांजरे लागली आणि त्यातले एक राहिले नाही. मग ते हसले नाहीत. विषय मंजूर झाला.

आमचे घर तामसीचे. 1956 साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू. औषधाच्या दुकानात "पिल्लिकी मंदु" मागितले की आजूबाजूची माणसे आधी हसून घेतात, कारण तेलुगूत मंदु म्हणजे औषधही आणि दारूही. असो. शेतकऱ्याच्या घरी मांजर हौसेसाठी नसते. ज्वारी, तूर, सोयाबीनची पोती असली की उंदीर येतात, म्हणून मांजर असतेच. गणपतीसमोर उंदराची तक्रार करू नये, पण खरे ते सांगितले.

आमचा बोका तीन वर्षांपूर्वी सर्दीने बसला. डॉक्टरांनी बाटली दिली. आमच्या घरात बैलांना औषध पाजण्याचा तीन पिढ्यांचा अनुभव. बैलाचे तोंड वर करायचे, बांबूचा नळा आत घालायचा आणि ओतायचे. बोक्याला आम्ही तसेच धरले. एकाने मान मागे केली, दुसऱ्याने जबडा उघडला, तिसऱ्याने चमचा घशात रिकामा केला. बोका ठसकला, फुरफुरला आणि निसटून पोत्यांमागे गेला. औषध पोटात गेले म्हणून आम्ही समाधानात. दुसऱ्या दिवशी त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या. चौथ्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी आधी एकच विचारले होते, "पाजलं कसं?" आम्ही सांगितले. औषध श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरले होते. मान मागे टाकलेल्या जनावराला धड गिळता येत नाही, आणि घशात एकदम पडलेले पाणी वाट चुकते. बैलालाही मान फार उंच करून घाईने पाजले तर हेच होते, बैल मोठा म्हणून पुष्कळदा निभावून जातो एवढेच. सर्दी बहुधा बरी झाली असती. त्याला आमच्या चमच्याने मारले.

यंदा आषाढात मनी आजारी पडली. वजन तीन किलो, डोळे चिकटलेले, नाक गळते, जेवण बंद. सर्दी मुळात विषाणूची, पण तिच्यावर जिवाणूंचा संसर्ग चढला होता. सात दिवस सकाळ-संध्याकाळ एक मिली, म्हणजे चौदा वेळा. बोक्याची आठवण असल्याने घरात कोणी पुढे होईना.

पहिल्या दिवशी आम्ही शहाणपणा करून औषध दुधात कालवले. मनीने वास घेतला, मागे सरकली आणि जाताना आमच्याकडे अशी बघून गेली की तो चेहरा विसरता येत नाही. पुढे साध्या दुधालाही तोंड लावीना. हा प्रकार फार महाग पडतो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून नवेच दुखणे सुरू होते, जाड मांजरात तर लवकर. शिवाय काही प्रतिजैविके दुधाबरोबर घेतली की दुधातला कॅल्शियम त्यांना धरून ठेवतो आणि अंगी लागू देत नाही. कशाबरोबर द्यायचे हे डॉक्टरांनाच विचारावे.

संध्याकाळी वहिनींनी गूळ घातला. लेकरे गोड औषध चाटूनपुसून घेतात, मांजर का घेणार नाही? नाही घेत. मांजराला गोड कळतच नाही. 2005 साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले की गोड चव ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक मांजराच्या वंशात मोडकेच आहे. वाघाचेही तसेच. म्हणजे गुळाने फक्त औषधाचे माप वाढले, जास्त पाजावे लागले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने बळजबरी केली. मनीने त्याच्या मनगटावर पाच रेघा ओढल्या आणि एक दातही लावला. तोंडाला फेस, लाळेच्या तारा. शेजारी ओरडले, मांजर पिसाळले! ते पिसाळणे नव्हते. कडू चव लागली की मांजर असाच फेस काढते, थोड्या वेळात थांबतो. पण चावा तो चावा. मनीला कधी लस दिलेली नव्हती. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुतली आणि धाकट्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. घरातल्याच मांजराने चावले म्हणून हळद लावून बसू नका, एवढे आज सगळ्यांनी घरी न्यावे.

मग आजी पुढे झाल्या. त्या पलंगावरून दोन दिवस हा गोंधळ बघत होत्या. म्हणाल्या, "बैल हाय का ते? लेकरू हाय लेकरू. दुपटं आना." आजीनं या घरातली अकरा लेकरे बाळकडू पाजून वाढवली. त्यांचे पितळी बोंडले अजून कोनाड्यात आहे. तरुण मंडळींसाठी सांगतो, बोंडले म्हणजे चोच असलेली लहानशी वाटी, तान्ह्याला दूध किंवा गुटी पाजायची. आजींची रीत अशी: लेकरू दुपट्यात हातपाय आत घेऊन गुंडाळायचे, डोके थोडे वर पण मान मागे नाही, आणि बोंडल्याची चोच जिभेवर नाही तर गालाच्या आत टेकवायची. "घशात ओतू नये, गालात सोडावं. ते आपलं आपन गिळतं."

डॉक्टरांना फोन करून विचारले. ते म्हणाले, "आजींचं ऐका, फक्त बोंडल्याऐवजी सुई नसलेली सिरिंज घ्या." बोंडल्याने माप कळत नाही आणि चहाच्या चमच्यात साधारण पाच मिली मावते, एकाच्या जागी पाच जाते. मनीच्या चौदापैकी उरलेले अकरा डोस आम्ही असे दिले.

आधी बाटली हलवून औषध सिरिंजमध्ये भरून ठेवायचे, मग मांजराला बोलवायचे. उलटे केले तर बाटलीचा आवाज ऐकून मांजर गच्चीवर. जुन्या लुगड्याची घडी जमिनीवर पसरून मनीला तिच्यावर बसवायचे आणि गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळायचे. पंजे आत. घट्ट म्हणजे श्वास कोंडेल इतके नाही. आपण मांडी घालून बसायचे आणि तिची पाठ आपल्या पोटाला टेकवायची, म्हणजे तिला मागे सरकायला जागा उरत नाही. समोरून चाल करायची नाही. डाव्या हाताने डोके वरून हलके धरायचे, नाक समोर. सिरिंज बाजूने ओठाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागे मोकळी जागा असते तिथे. तोंड उघडावे लागत नाही! हे आम्हाला कळले तेव्हा आम्ही सगळेच एकमेकांकडे बघत राहिलो. जबडा उघडण्यात आमची निम्मी लढाई गेली होती. चतुर्थांश मिली सोडायचे आणि थांबायचे. जिभेने नाक चाटले म्हणजे गिळले. मग पुढचे. ठसका लागला की लगेच सोडून द्यायचे, डोके खाली करू द्यायचे. अर्धे औषध लुगड्यावर सांडले तर अंदाजाने दुसरा डोस भरायचा नाही, डॉक्टरांना विचारायचे.

झाल्यावर तोंड पुसायचे आणि काही आवडते द्यायचे. आमचे घर शाकाहारी. शेजारच्या काकूंनी सात दिवस बिनमसाल्याचे उकडलेले कोंबडीचे चार तुकडे पाठवले. कांदा-लसूण नाही, कारण ते मांजराला विषासारखे. चौथ्या दिवसापासून मनी लुगडे पसरले की स्वतःच जवळ येऊ लागली. औषधासाठी नव्हे, काकूंसाठी.

एक गोष्ट राहिली, आणि ती पाजण्याच्या रीतीपेक्षा मोठी आहे. पाजता आले म्हणजे घरातले काहीही पाजता येते असे नव्हे. मुलांचे तापाचे पॅरासिटामॉलचे औषध घरोघर असते. मांजराला ते थोडेही देऊ नका. माणसाचे यकृत ते ज्या वाटेने बाहेर टाकते ती वाट मांजरात फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजते, आणि अर्ध्या गोळीनेही मांजर जाऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले पर्मेथ्रिनचे औषधही मांजराला लावायचे नाही. या मंडपातल्या दोघांनी तरी आम्हाला नंतर हळूच सांगितले की त्यांनी तापाची गोळी दिली होती. मांजराचे काय झाले ते आम्ही विचारले नाही.

आजी यंदाच्या मंडपात आल्या नाहीत, गुडघे दुखतात. मनी त्यांच्या पलंगाखाली आहे. दोन सिरिंजा कोनाड्यात बोंडल्याशेजारी ठेवल्या आहेत. कोणाला लागली तर न्या, फक्त गरम पाण्याने धुऊन परत आणा. जुने लुगडे मात्र आपापले आणावे, आमचे आता मनीचे झाले आहे.