बेकारीचे माप
(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘जगातील बेकारी’ असे आम्ही चटकन सांगून टाकले, आणि चालकांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा उमटली. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी आमचे सख्य बेताचेच, हे त्यांस ठाऊक आहे. परंतु हा विषय आम्ही निवडला नाही. तो आमच्या कचेरीत चालत आला.

काही दिवसांपूर्वी एक तरुण भेटीस आला. पदवी मिळून दोन वर्षे झालेली, अर्ज करून हात दुखलेले, नोकरी नाही. त्याच्या हातात एक कात्रण होते. त्यात निरनिराळ्या देशांतील बेकारीचे कोष्टक छापले होते. स्वीडनमध्ये २०२४ साली शेकडा आठांहून अधिक बेकार. आपल्या देशात जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात शेकडा ३.२. रात्री जेवणाच्या वेळी वडिलांनी हे कात्रण त्याच्या पाटाशी टाकले आणि विचारले, “स्वीडनसारख्या श्रीमंत देशात शंभरांत आठ जण रिकामे, आपल्याकडे तिघे. मग त्या तिघांत नेमका तूच कसा?” त्या मुलाने आम्हांस एवढेच विचारले, “साहेब, हे कोष्टक खोटे आहे काय?”

कोष्टक खोटे नव्हते, आणि वडिलांनी केलेला हिशेब तर मुळीच खरा नव्हता. उभ्याउभ्या हे त्याला समजावून सांगणे आम्हांस साधले नाही. ते आज बसून सांगणार आहोत.

आपल्यांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल, पूर्वी धान्याचे माप गावोगाव वेगळे असे. या गावची पायली त्या गावी चालत नसे. दोन गावचे भाव कोणी सांगितले की शहाणा व्यापारी आधी विचारी, “कोणती पायली?” बेकारीच्या आकड्यांपुढे आपण हा प्रश्न विचारावयाचेच विसरतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एक सामाईक पायली ठरविण्याचा यत्न केलेला आहे. १९८२ साली आकडेशास्त्रज्ञांच्या परिषदेने जी व्याख्या केली तिच्यानुसार बेकार ठरण्यास तीन अटी लागतात: माणसापाशी काम नसावे, मिळाल्यास तो करण्यास तयार असावा, आणि तो काम शोधत असावा. पहिली अट दिसते तितकी साधी नाही. पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केले तरी माणूस कामकऱ्यांत धरला जातो. आणि शेकडेवारी काढावयाची ती सर्व प्रौढांवर नव्हे. जे काम करतात आणि जे शोधतात त्यांच्याच बेरजेवर. शिकणारा, घर सांभाळणारी, थकून घरी बसलेला, हे सर्व हिशेबाच्या बाहेर.

यातली मेख पाहा. एखाद्या वस्तीत शंभर माणसे आहेत. नव्वद कामावर, दहा काम शोधणारी. बेकारी शेकडा दहा. त्या दहांपैकी पाच जण हेलपाटे घालून कंटाळले आणि त्यांनी शोधणे सोडले. आता उरले पंचाण्णव, त्यांत बेकार पाच. एकाही माणसास काम न मिळता बेकारी जवळजवळ निम्म्यावर आली! सरकारी प्रवक्त्यास सभेत टाळ्या मिळवण्यास एवढे पुरते.

आता तिसऱ्या अटीकडे पाहू, कारण श्रीमंत आणि गरीब देशांतील सारा फरक तिच्यातच दडला आहे. काम शोधत राहण्यास पोटाला आधार लागतो. स्वीडनमधील कामगाराची नोकरी गेली तर त्याला भत्ता मिळतो. तो चार ठिकाणी चौकशी करीत राहू शकतो, आणि पाहणी करणारा विचारील तेव्हा “मी बेकार आहे” असे मान वर करून सांगू शकतो. इतकेच नव्हे, तर काम शोधणारा पूर्णवेळ विद्यार्थीदेखील २००७ च्या ऑक्टोबरपासून तेथे बेकारांत मोजला जातो. आपल्याकडे ज्याला हातावर पोट भरावयाचे आहे त्याने दुसऱ्या दिवशी काय करावे? तो भाजीची पाटी उचलतो, मेव्हण्याच्या टपरीवर बसतो, भावाच्या दोन एकरांत तिसरा म्हणून राबतो. पाहणीच्या वहीत तो बेकार राहत नाही. २०२३-२४ च्या पाहणीत आपल्या देशातील कामकऱ्यांपैकी शेकडा ५८ जण स्वतःच्या वा घरच्या धंद्यात गुंतलेले आढळले. यांत सुखवस्तू बागाईतदार आहेत, तसेच दुसरे काहीच न मिळाल्याने गाडी लावणारेही आहेत.

गंमत अशी की पाश्चात्त्यांचे हे माप आमच्या भागास बसत नाही, ही गोष्ट विस्ताराने सांगणारा एक मोठा पंडित स्वीडनचाच. गुन्नार मिर्डाल यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एशियन ड्रामा’ या प्रचंड ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. त्याही आधी, १९३६ साली, केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी ‘प्रच्छन्न बेकारी’ ही कल्पना पुढे आणली. कारखान्यातून काढलेला आणि लंडनच्या रस्त्यावर काडेपेट्या विकत उभा असलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्याला काम आहे असे म्हणावे काय? आमच्या बाजारपेठेच्या तोंडाशी रोज सकाळी असे किती काडेपेटीवाले उभे असतात, ते आपण मोजून पाहावे.

आपल्या देशात ही अडचण कोणाच्या ध्यानी आली नाही असे नाही. प्रा. दांतवाला यांच्या समितीने १९७० साली स्पष्ट सांगितले की आपल्यासारख्या देशात बेकारी एकाच आकड्यात मांडण्यात अर्थ नाही. तेव्हापासून आपल्याकडे एकाहून अधिक मापे आहेत. वर जो ३.२ आकडा सांगितला तो वर्षभराच्या स्थितीचा. त्या हिशेबात वर्षात तीस दिवस काम केलेला माणूसही कामकरीच गणला जातो. एका आठवड्याच्या स्थितीवरून मोजले, तर त्याच वर्षी, त्याच लोकांत, हाच आकडा ४.९ होतो. कोष्टक छापणाऱ्याने यांतला कोणता उचलला हे तळटीपेत असते, आणि तळटीप कात्रीत जाते.

आता आपल्या मराठी माणसांची वस्ती जेथे जेथे आहे तेथले आकडे पाहा. त्याच वर्षी गोव्यात बेकारी शेकडा सुमारे साडेआठ. इंदूर-ग्वाल्हेरच्या मध्य प्रदेशात एक. बडोद्याच्या गुजरातेत एकाहून किंचित अधिक. शाळांबाबत नाव असलेल्या केरळात सातांच्या वर. या हिशेबाने गोव्याच्या तरुणांनी पोट भरण्यास मध्य प्रदेशात जावयास हवे! गाड्या उलट्या दिशेने भरून जातात, हे आपण जाणताच. जेथे शिक्षण अधिक, घरी थोडी शिल्लक, बाहेरगावाहून येणारी मनिऑर्डर, तेथे तरुण मनाजोगत्या कामासाठी थांबू शकतो. जेथे थांबणे परवडत नाही, तेथे बेकारीचा आकडा लहान. झाकली मूठ सव्वा लाखाची.

याच्या अगदी उलट टोकास दक्षिण आफ्रिका उभी आहे. तेथे २०२४ साली बेकारी शेकडा ३२ च्या आसपास होती. शोधून थकलेल्यांसही धरले तर चाळिसाच्या वर. मग तो देश आपल्याहून दहापट दरिद्री आहे काय? मुळीच नाही, दरडोई उत्पन्नात तो आपल्या पुढे आहे. मग तेथील बेकार माणूस भावाच्या शेतावर का जात नाही? कारण शेत राहू दिलेच नाही. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातील बहुसंख्य काळ्या लोकांस जमिनीचा जेमतेम शेकडा सात भाग ठेवला. पुढे तो तेरापर्यंत वाढला. १९५० च्या कायद्याने शहरांची वर्णानुसार वाटणी झाली, काळ्या माणसाच्या दुकानदारीवर बंधने आली. १९९४ साली राज्य बदलले. पण बाप-आज्यांपासून चालत आलेली टपरी, शेत, पेढी एका निवडणुकीने उत्पन्न होत नाही. आपल्याकडे शेतात लपणारी बेकारी तेथे उघड्या रस्त्यावर उभी आहे. दोन आकडे शेजारी छापले की हा सारा इतिहास पुसला जातो.

कोणी म्हणेल, गरीब देशांचे राहू द्या. श्रीमंतांची आपसांत तुलना तरी करता येईल ना? येथेही २०२० सालाने चांगलाच धडा दिला. तीच साथ, तेच महिने. अमेरिकेत फेब्रुवारीत साडेतीन टक्के असलेली बेकारी एप्रिलात १४.८ टक्क्यांवर चढली. त्या एका महिन्यात दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या. जर्मनीत मात्र त्या अवधीत आकडा जेमतेम हलला. जर्मन कारखाने चालू होते काय? नव्हते. सुमारे साठ लक्ष जर्मन कामगार त्या एप्रिलात कमी तासांवर किंवा पूर्ण घरीच होते. परंतु त्यांची नावे मालकाच्या हजेरीपटावर होती आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा शेकडा ६० भाग, मुले असल्यास ६७, सरकारी विम्यातून मिळत होता. अमेरिकेने माणसास आधी कामावरून सोडले आणि मग हाती पैसे दिले. जर्मनीने कामावर ठेवूनच पैसे दिले. म्हणून अमेरिकन कामगार बेकार गणला गेला आणि तसाच घरी बसलेला जर्मन कामकरी.

तथापि हा केवळ शब्दांचा खेळ होता, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. दुकान पुन्हा उघडले तेव्हा जर्मन कामगार आपल्याच जागेवर परतला. अनेक अमेरिकनांस नव्याने दारे ठोठवावी लागली. हजेरीपटावर नाव असणे आणि नसणे यांत माणसाच्या झोपेचा फरक आहे, आणि तेवढ्यापुरता आकड्यांतील फरक खरा होता. किंबहुना अमेरिकेचा आकडा वास्तवाहून कमीच होता. दुकान बंद म्हणून घरी असलेल्या अनेकांस पाहणीदारांनी ‘कामावर आहे, पण गैरहजर’ असे नोंदविले. ही चूक धरली तर दर सुमारे पाच टक्क्यांनी अधिक असता, असे तेथील खात्याने स्वतःच जाहीर केले. हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला.

जर्मनीत एरवीही दोन आकडे नांदतात. रोजगार कचेरीत नोंदलेला माणूस आठवड्यास पंधरा तासांहून कमी काम करीत असला तरी तेथे बेकारच राहतो. जागतिक व्याख्येत तो एक तासानेही सुटतो. म्हणून २०२३ साली एक आकडा पावणेसहाच्या घरात, दुसरा तीनच्या. ब्रिटनने १९८२ साली कचेरीत नाव नोंदविणाऱ्यांऐवजी भत्ता घेणाऱ्यांस मोजण्यास आरंभ केला आणि भत्त्याचा हक्क नसलेली माणसे यादीतून गळाली. हॉलंडात १९९० च्या सुमारास अपंगत्वाचा भत्ता घेणारे नऊ लक्षांच्या घरात गेले होते; देशाची लोकसंख्या दीड कोट. एवढा देश एकाएकी लुळा पडला नव्हता. पुष्कळ कारखान्यांनी नकोशा कामगारांस त्या दाराने बाहेर काढले होते. आणि मंदीच्या काळातील अमेरिकेचे काय? सरकारी कामांवर रस्ते बांधणाऱ्यांस जुन्या आकड्यांत बेकार धरले होते. मायकेल डार्बी यांनी १९७६ साली त्यांस कामकऱ्यांत घातले, तेव्हा १९३६ ची सतरा टक्के बेकारी दहावर आली. रस्ते तेच, फावडी तीच.

मग हे आकडे जाळून टाकावेत काय? नव्हे. एकाच पायलीने मोजलेला एकाच देशाचा आकडा वर्षानुवर्षे पाहिला तर तो पुष्कळ सांगतो. स्पेनची बेकारी २०१३ साली शेकडा २६ होती आणि २०२४ मध्ये ११ च्या आसपास आली, हा बदल कोणत्याही व्याख्येने खोटा ठरत नाही. दोन देश शेजारी ठेवावयाचेच असतील, तर आम्ही आधी हे विचारू, की शंभर प्रौढांपैकी कामावर किती, त्यांपैकी महिन्याकाठी ठरीव पगार किती जणांस, आणि बायका कोठे आहेत?

हा शेवटला प्रश्न फार बोलका आहे. आपल्याकडे काम करणाऱ्या वा शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये शेकडा २३ होते, ते २०२३-२४ मध्ये ४१ च्या वर गेले. आनंदाची गोष्ट, पण कामकरी म्हणून नोंदलेल्या या भगिनींपैकी शेकडा ३६ हून अधिक घरच्या शेतात वा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. गोठा त्या पूर्वीही काढीतच होत्या. त्यांच्या श्रमाची नोंद व्हावी हे योग्यच. ती नोंद म्हणजे नोकरी मिळाली असे कोणी भासवू नये.

दडलेली बेकारी किती आहे हे शोधण्याचा एक उपाय महाराष्ट्राने दुष्काळात अजाणता करून पाहिला. १९७२ च्या अवर्षणात मागेल त्याला मजुरी देण्याची कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये त्या कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे हजर होती. दुष्काळ होता, हे खरे, आणि त्यावरून सुकाळाचा हिशेब करू नये. पण वि. स. पागे यांनी जिचा पाठपुरावा केला, त्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि पाऊस चांगला झालेल्या वर्षीही उन्हाळ्यात माणसे खडी फोडावयास येतच राहिली. कोणत्याही वहीत ती बेकार नव्हती.

त्या तरुणाचे सांगावयाचे राहिले. तो आठ दिवसांनी पुन्हा आला तेव्हा त्याच्या कात्रणाच्या समासात आम्ही त्याच सरकारी पाहणीतील आणखी दोन आकडे लिहून दिले. निरक्षरांत बेकारी शेकडा अर्ध्याहूनही कमी, पदवीधरांत सुमारे तेरा. वडिलांनी जे ‘तिघे’ मोजले होते त्यांत त्याचा वर्ग नव्हताच. त्याच्या वर्गात शंभरांत तेरा होते, आणि शोधणे सोडून दिलेले त्याहून निराळे. कात्रण खिशात घालून तो निघाला, दारातून वळून त्याने विचारले, “वडिलांना हे तुम्हीच येऊन सांगाल का?” येत्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत.