युक्रेनमधला अपडेट, न्हावा शेव्यातला खोळंबा



सायबर हल्ल्यांची चर्चा निघाली की आपण हल्लेखोरातच रमतो. तो कोण, कुठल्या देशाचा, किती हुशार. मला आज आपल्या बाजूच्या बांधणीविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी उरण तालुक्यापर्यंत गेले तरी पुरे.

२७ जून २०१७. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे संगणक बंद पडले. टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक समूहातल्या कंपनीचे. काम हाताने सुरू ठेवावे लागले, कंटेनर साचू लागले. या बंदराशी कुणाचे वैर नव्हते. युक्रेनमध्ये कर भरायला ‘एम.ई.डॉक’ नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर सर्रास वापरतात. त्याच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम सोडण्यात आला होता. मर्स्कचे युक्रेनमध्ये कार्यालय होते, एवढेच नाते. नॉटपेट्या खंडणी मागत असे, पण पैसे भरले तरी फायली उघडायची सोय त्यात नव्हतीच.

‘पॅच टाकला असता तर वाचलो असतो’ हे आपले आवडते उत्तर. नॉटपेट्या ज्या त्रुटीतून पसरला, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण नॉटपेट्या एका यंत्रात शिरला, की मेमरीत राहिलेले पासवर्ड उचलायचा आणि अ‍ॅडमिनच्या अधिकाराने शेजारच्या, पॅच टाकलेल्या यंत्रातही जायचा. हिशेबाच्या संगणकापासून बंदराच्या कारभारापर्यंत वाटेत त्याला अडवणारे काही नव्हते. दोष तिथे आहे.

मर्स्कने पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचे सांगितले गेले. कुणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे त्यांचे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, एकमेकांच्या प्रती होते, म्हणजे एक गेला तर दुसरा. सगळे एकदमच जातील हे कुणी धरले नव्हते. वाचला तो घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनाला नावे ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!

पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिल्लीच्या एम्सवर हीच पाळी आली. नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंत सगळे कित्येक दिवस कागदावर. सरकारने राज्यसभेत कारण दिले, ते नेटवर्कचे विभाजन नीट नसल्याचे. निविदा काढणाऱ्या आणि भरणाऱ्या इथल्या मंडळींना या उत्तराचे आश्चर्य वाटले असेल, असे मला वाटत नाही.

एम्सची माहिती हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअपवरून परत मिळाली, आणि बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो अर्धाच पटतो. बॅकअपमुळे सेवा सुरू होते. कुणाच्या मानसोपचाराची, कुणाच्या गर्भपाताची नोंद एकदा बाहेर गेली, तर ती परत आणणारा बॅकअप नसतो. म्हणून खासगीपणाचा निर्णय सर्व्हर रूममध्ये व्हायच्या आधी केसपेपर आखताना व्हायला हवा. हा रकाना कशाला? किती वर्षे ठेवायचा? कोण उघडणार? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, पण कायदा आला म्हणून रकाने आपोआप कमी होत नाहीत.

उद्याच्या खुल्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला: बंदर, रुग्णालय, पाणीपुरवठा, वीज केंद्र अशा प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा, आधी ठरवून, एक पूर्ण पाळी संगणकाविना चालवून पाहावी, आणि काय अडले ते लिहून ठेवावे. दुसरा: प्रत्येक निविदेत नेटवर्कच्या विभाजनाचा आणि जोडणीतून काढून ठेवलेल्या बॅकअपचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा, म्हणजे घासाघीस करताना नेमके काय छाटले ते कागदावर राहील. पहिल्याला व्यवस्थापन विरोध करील, दुसऱ्याला कदाचित आपल्यातलेच काही ठेकेदार. चर्चेला पुरेसा वेळ राखून ठेवला आहे. रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी आधी बोलावे, आम्ही अध्यक्ष मंडळी नंतर बोलू.