पावणेसहाची एसटी

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या आठवणी सांगा म्हटलं की आपण सगळेच जरा मऊ होतो. मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरं, मारकुटे पण मायाळू सर, स्नेहसंमेलनातला फजितीचा प्रसंग, असं एक ठरलेलं गाठोडं असतं, ते आपण सोडतो. आज मी तेच गाठोडं सोडणार आहे, पण त्याच्या तळाशी एक वस्तू आहे, ती मी बरीच वर्षं बाहेर काढली नव्हती. तीही आज दाखवणार आहे.

मी दहावी झाले मार्च 1985 मध्ये, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. गावात हायस्कूल एकच. डॉक्टरांची मुलगी, मामलेदार कचेरीतल्या शिपायाचा मुलगा, मोंढ्यातल्या हमालाचा मुलगा, सगळे त्याच इमारतीत. त्यामुळे ‘आमच्या शाळेत सगळे सारखे’ असं आम्ही अभिमानानं म्हणायचो. गणवेश एक, प्रार्थना एक, घंटा एक. मग वेगळं काय असणार?

वेगळं बरंच होतं. आता मागं वळून बघताना त्याचा नकाशा काढता येतो. पहिली रेघ होती गल्लीची. वरच्या पेठेतल्या मुली एकत्र, खालच्या आळीतल्या एकत्र. गल्लीची रेघ म्हणजे पुष्कळदा जातीचीच रेघ, पण हा शब्द आम्ही उच्चारत नव्हतो. न उच्चारताच सगळ्यांना कळायचं. दुसरी रेघ डब्याची. स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी आणणाऱ्या चाफ्याखाली बसत. फडक्यात भाकरी बांधून आणणाऱ्या पाण्याच्या टाकीमागं बसत. तिसरी रेघ बोलण्याची. ‘पाणी’ म्हणणाऱ्या आणि ‘पानी’ म्हणणाऱ्या.

आणि ह्या सगळ्या रेघा जिथं एकमेकींवर येऊन ठळक व्हायच्या, ती रेघ होती एसटीची. वर्गातली निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून सवलतीच्या पासावर यायची. त्यांना आम्ही ‘एसटीची पोरं’ म्हणत असू. शाळा पाच वाजता सुटायची आणि खेड्यांकडं जाणारी गाडी पावणेसहाला होती. त्यानंतर एक मुक्कामाची गाडी असे, पण ती रात्री आठला. फाट्यावर उतरून अंधारात दोन-दोन किलोमीटर चालत जायचं, म्हणून मुलींना कुणी त्या गाडीनं येऊ देत नसे.

आता गंमत बघा. शाळेत माणसाला नाव मिळवून देणाऱ्या ज्या-ज्या गोष्टी होत्या, त्या सगळ्या पाचनंतर व्हायच्या. नाटकाची तालीम पाचनंतर. खो-खोचा सराव पाचनंतर. हस्तलिखित सजवायला पाचनंतर थांबायचं. म्हणजे कोण ‘पुढं’ येणार आणि कोण ‘मागं’ राहणार, हे निम्मंअधिक त्या डेपोच्या वेळापत्रकानंच ठरवून टाकलेलं होतं. आम्ही मात्र समजत होतो की आमच्या अंगात गुण आहेत म्हणून आम्ही पुढं आहोत!

आम्ही म्हणजे पाचजणी. सगळ्या वरच्या पेठेतल्या. आमची पुढारीण होती कापड दुकानदाराची मुलगी. 1984 हे साल आठवा. त्या वर्षी देशभर दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली आणि आमच्यासारख्या गावांत टीव्ही दिसू लागला. जुलैमध्ये ‘हमलोग’ सुरू झालं. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही तिच्या घरी आला आणि एका रात्रीत तिचं वजन दुप्पट झालं. 3 नोव्हेंबरला इंदिरा गांधींचा अंत्यविधी बघायला अख्खी गल्ली तिच्या घरी लोटली होती. कोण सतरंजीवर, कोण ओट्यावर आणि कोण खिडकीबाहेर उभं राहील, हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी प्रत्येकजण बरोबर आपापल्या जागी होता. मी सतरंजीवर होते.

आता ती तळाची वस्तू. त्या वर्षी मी स्नेहसंमेलनाची विद्यार्थी चिटणीस होते. संगीताचे सर होते, त्यांनी आवाजाची परीक्षा घेतली आणि एकट्यानं म्हणायच्या गाण्यासाठी एसटीच्या एका मुलीला निवडलं. चौदा किलोमीटरवरच्या खेड्यातली होती ती. बोलताना ‘आनि’ म्हणायची, आम्ही तोंडाला पदर लावल्यासारखं करून हसायचो. पण गाताना तिचा शब्द असा स्वच्छ यायचा की हसायला जागाच राहायची नाही. त्याचाच बहुधा आम्हाला राग होता.

तालीम अर्थातच पाचनंतर. पहिल्या दोन दिवशी ती अर्धं गाणं म्हणून पिशवी उचलून स्टँडकडं पळाली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. म्हणाली, “मधल्या सुट्टीत घेतली तालीम तर चालंल का? सरांना विचारशील का तू?” तिला सरांची भीती वाटत होती आणि मी चिटणीस होते. मी “विचारते” म्हटलं.

मी विचारलं नाही. सर म्हणाले, “ती आज दिसत नाही?” तेव्हा मी म्हणाले, “तिला जमणार नाही म्हणाली, सर.” एवढंच वाक्य. सर जरा गप्प झाले, मग म्हणाले, “बरं, दुसरं कुणीतरी बघू.” गाणं आमच्या पुढारणीला मिळालं. तिनं ते बरं म्हटलं. टाळ्या पडल्या. आणि त्या संध्याकाळी ‘हमलोग’ बघताना सतरंजीवरची माझी जागा एक हात पुढं सरकली.

मला कुणी सांगितलं नव्हतं हो हे करायला. गटात राहायचं असलं की सांगावं लागत नाही. गटाला काय आवडेल हे आपल्याला आधीच कळतं.

पुढं शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी वाचन करताना एका अमेरिकन पुस्तकाशी गाठ पडली. ऑगस्ट हॉलिंग्जहेड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं इलिनॉय राज्यातल्या एका छोट्या गावातल्या तरुण मुलामुलींचा अभ्यास केला. 1949 साली तो प्रसिद्ध झाला. गावाचं खरं नाव लपवून त्यानं त्याला ‘एल्मटाउन’ म्हटलं. त्याला काय दिसलं? मुलं म्हणतात आम्ही स्वभाव बघून मैत्री करतो. प्रत्यक्षात कोण कुणाच्या टोळक्यात, कोण कुणाबरोबर फिरतं, कोण शाळा अर्धवट सोडतं, ह्या सगळ्यावर आईबापांच्या सामाजिक पायरीची गडद सावली होती. तिथलीसुद्धा बरीच मुलं शेतांवरून येत. वाचताना मला वाटलं, हा मनुष्य आमच्या चाफ्याखाली बसून गेला की काय!

ह्या विषयावर नंतर बरंच काम झालं आहे. त्यातल्या दोन गोष्टी मला फार उपयोगी वाटल्या. एक अशी की अभ्यासक आता दोन प्रकारच्या लोकप्रियतेत फरक करतात. एक म्हणजे मनापासून आवडणं. ज्याच्याशेजारी बसावंसं वाटतं, ते मूल. दुसरी म्हणजे वजन असणं. ज्याला दुखवायची हिंमत होत नाही, ते मूल. वर्गाला विचारलं ‘तुला कोण आवडतं’ आणि मग विचारलं ‘वर्गात कोणाचं चालतं’, तर दोन्ही याद्या सारख्या येतीलच असं नाही. आमच्या वर्गात त्या मुळीच सारख्या नव्हत्या. आम्ही पाचजणी दुसऱ्या यादीत होतो. पहिल्या यादीत असू असा आमचा आपला समज होता.

शिवाय वजन टिकतंच असं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जोसेफ ॲलन ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 184 मुलांचा तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. वयाआधी मोठं होऊन, धीट वागून भाव खाणारी मुलं सुरुवातीला पुढं होती. पण हायस्कूल संपेपर्यंत त्यांचा भाव ओसरला आणि विशीत मैत्री टिकवणं त्यांना इतरांपेक्षा जड गेलं. 2014 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

दुसरी गोष्ट साधी गणिताची आहे. स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1991 मध्ये दाखवून दिलं की बहुतेक माणसांना जेवढे मित्र असतात, त्याहून त्यांच्या मित्रांना सरासरीनं जास्त मित्र असतात. ऐकायला उलटं वाटतं. पण विचार करा, ज्याला पुष्कळ मित्र, तो पुष्कळांच्या यादीत येतो. ज्याला एकच मित्र, तो एकाच यादीत येतो. म्हणून आपण इकडंतिकडं पाहिलं की आपल्याला वजनदारच दिसतात आणि आपणच तेवढे एकटे वाटतो. वर्गातल्या बहुसंख्य मुलांना एकाच वेळी ‘मीच बाहेरची’ असं वाटू शकतं, ते असं.

ह्याचा पुरावा मला आमच्या मेळाव्यात मिळाला. 2017 साली कुणीतरी व्हॉट्सॲपवर आमच्या तुकडीचा गट काढला. आणि खरं सांगू? पहिल्या दिवशी गटात कोण आलं? वरची पेठ. नंतर खालची आळी. एसटीची मुलं सर्वांत शेवटी, तीही कुणीतरी “अरे, ते राहिलेच की” म्हटल्यावर. इतक्या वर्षांनी फोनच्या पडद्यावरसुद्धा आम्ही आपापल्या जागीच बसलो होतो.

मेळावा शाळेतच झाला. चाफा होता, पाण्याची टाकी नव्हती. गप्पा रंगल्यावर जो-तो सांगू लागला की मला वर्गात कसं परकं वाटायचं. आमची पुढारीणसुद्धा म्हणाली, “तुम्ही चौघी माझ्यामागं माझ्याबद्दल बोलता, असं वाटून मला रात्री झोप यायची नाही.” आणि आम्ही बोलत होतोच!

ती गाणारी मुलगी आली होती. आता ती तिच्याच गावात अंगणवाडी चालवते, भजनी मंडळात गाते. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मनात अपेक्षा अशी की ती म्हणेल, “जाऊ दे गं, लहान होतो आपण.” असं ती म्हणाली नाही. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “मला वाटलं सरांनीच काढलं. खेड्यातली म्हणून. वार्षिक परीक्षेच्या निरोप समारंभाला सरांनी मला गायला सांगितलं होतं, तर मी उठलेसुद्धा नाही. पुढं सर बाजारात भेटले तरी मी तोंड फिरवायची. ते गेल्याचं कळलं तेव्हाही मला काही वाटलं नाही. उगीच त्या माणसाला बोल लावला बघ इतकी वर्षं.”

श्रोतेहो, माझ्या खोटेपणाचा हिशेब मी आजवर एका गाण्यापुरता धरला होता. तो तेवढ्यावर थांबला नव्हता. एका चांगल्या शिक्षकावर मी नकळत डाग लावला होता, आणि तो पुसायला आता सर नव्हते. तिची मी क्षमा मागितली. सरांची कुठं जाऊन मागू?

निघताना मात्र ती हसली. म्हणाली, “पण एक सांगू? तुम्हाला वाटायचं आम्ही बिचाऱ्या. आमची खरी शाळा एसटीत असायची गं. मागच्या बाकड्यावर रोज गाणी. कंडक्टर सुट्टीवर गेला की आम्हाला करमायचं नाही. तुम्हाला कुणी तिथं घेतलंच नसतं!” त्या गाडीतही एक गट होता, त्याची एक पुढारीण होती, आणि ती हीच होती. चाळीस मिनिटांच्या त्या प्रवासात काय घडत होतं, त्याचा आम्हा पेठेतल्या मुलींना पत्ताच नव्हता.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. 1990च्या दशकात ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला. पुढं मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत खास मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू झाल्या. किती मुलींची शाळा त्यामुळं टिकली! पण मुलगी शाळेत पोचली म्हणजे शाळेतल्या सगळ्या गोष्टींपर्यंत पोचली असं नाही. म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या संमेलनाची यादी लावण्याआधी गाड्यांचं वेळापत्रक एकदा हातात घ्या. तालीम मधल्या सुट्टीत घेता येते. कुणी “तिला जमणार नाही म्हणाली” असं सांगितलं, तर एकदा तिलाच बोलावून विचारा.

आणि पालकांना एवढंच की, मुलगी घरी आल्यावर “तुला किती मैत्रिणी?” असं आपण विचारतो, त्याच्या जोडीला “आज डबा खाताना एकटं कोण बसलं होतं?” हेही विचारून बघा. माझ्या आईनं विचारलं असतं, तर मला उत्तर ठाऊक होतं.