भाकीत यंत्राचे, जोखीम कोणाची?



आम्ही बिरवाडीची माणसे. आमची शेती भाताची नि नाचणीची, तुमची कापसाची नि ज्वारीची. आम्हाला पाऊस बुडवतो, तुम्हाला सुकवतो. आभाळाकडे बघत बसणे मात्र दोघांच्याही नशिबी आहे.

आता सरकार म्हणते, आभाळ यंत्र वाचेल. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्याने कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेला मान्सूनचा अंदाज १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईलवर पाठवला. त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि मध्येच थबकला. तो खंड या अंदाजाने टिपला होता. ज्याने दुबार पेरणी भोगली, त्याला याचे मोल सांगायला नको. म्हणून यंत्राला आमचा विरोध नाही.

पण आमचा अनुभव ऐका. २२ जुलै २०२१ ला कोकणात अतिवृष्टीचा इशारा होता. तो खोटा ठरला नाही. पण इशारा जिल्ह्याला होता, आमच्या महाड तालुक्यातल्या तळियेच्या वाडीला नव्हता. दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. रस्ते पाण्याखाली, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथेही दरडींनी माणसे गिळली होती.

अंदाज कळणे वेगळे, माणूस वाचणे वेगळे. कोणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, हे आशाताईला ठाऊक असते. त्या म्हातारीला शाळेत हलवायला माणसेच लागतात. यंत्र आले म्हणून गावातली माणसे कमी केलीत, तर इशारा मिळेल आणि हात मिळणार नाही.

राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, ५०० कोटींची तरतूद केली. मग आमचे मागणे सरळ आहे. अंदाज गावाचा द्या, मराठीत द्या. किती वेळा चुकला तेही जाहीर करा. त्यावर विसंबून पेरणी बुडाली, तर बियाण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नका. यंत्राच्या सांगण्यावरून कर्ज किंवा विमा नाकारलात, तर कारण लेखी द्या. आणि इशाऱ्याबरोबर गाडी, निवारा, जबाबदार माणूस आधीच ठरवा.

आपणही एक काम करू. गावात पर्जन्यमापक बसवू. वहीत दोन रकाने आखू: यंत्र काय म्हणाले, आभाळाने काय केले. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. हिशेब आपल्या हातात असेल, तरच जाब विचारता येईल.